आजीचं न ऐकलेलं बरं

माझ्या लेकीचं सिझेरियन इथं सोलापुरातच झालं. मी बाहेर बाकावर बसून होतो. आतलं तिनं नंतर सांगितलं. "अब्बा, कंबरेत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले आणि एकाएकी जीव घाबरला, मळमळायला लागलं. भूलतज्ज्ञ बाईंना सांगितलं. त्यांनी शिरेतून औषध दिलं, दोन मिनिटांत बरं वाटलं."

त्या बाईंना मी विचारलं. या भुलेनं शरीराच्या खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. त्यातच उताणं निजलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. म्हणून उजव्या कुल्ल्याखाली उशी सारून बाईला डावीकडे थोडं कलतं ठेवतात. सलाइन चालू असतंच, शिवाय फेनिलेफ्रिनसारखं रक्तवाहिन्या आवळणारं औषध हाताशी असतं. दाब उतरलेलाच राहिला तर बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. म्हणून दंडावरचा पट्टा सुरुवातीला दर एक-दोन मिनिटांनी फुगतो.

लेकीला तिच्या आजीनं बजावून पाठवलं होतं, आत कुरकुर करू नकोस, बाईच्या जातीनं सोसावं. पोरीनं ऐकलं नाही, हे किती बरं झालं! डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "पट्टा मिनिटानं बोलतो. त्याआधी पेशंट बोलली तर मला हवंच असतं."