सल्लागार परिषद आणि मराठवाड्याची खुर्ची



मराठवाड्यातल्या हदगाव तालुक्यात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हळदीची काढणी जोरात असते. कंद कुकरमध्ये शिजतात, उन्हात वाळतात, ड्रममध्ये पॉलिश होतात आणि पोती मोंढ्याकडे निघतात. आठ-नऊ महिने जपलेल्या पिकाचा भाव तिथे बोलीत बघता बघता ठरतो.

ही उलाढालही राज्याच्या उत्पन्नातच मोडते. ते उत्पन्न 2027-28 पर्यंत एक ट्रिलियन, म्हणजे एक लाख कोटी डॉलरवर कसं न्यायचं, हे सुचवण्यासाठी डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने आर्थिक सल्लागार परिषद नेमली. अध्यक्ष टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन. सदस्यांत अर्थतज्ज्ञ अजित रानडे, दलित उद्योजकांची संघटना उभारणारे मिलिंद कांबळे, नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे. बाकी बहुतेक मोठ्या उद्योगांचे आणि वित्तसंस्थांचे धुरीण, सोबत वरिष्ठ सनदी अधिकारी.

अशा परिषदेच्या हाती तिजोरीची किल्ली नसते. ती सुचवते, निर्णय मंत्रिमंडळाचा, खर्चाला मंजुरी विधिमंडळाची. मात्र कोणते प्रश्न आधी मांडायचे, हे तिथे बसलेल्यांच्या अनुभवावर ठरतं. म्हणूनच रचना महत्त्वाची.

प्रश्न नीट मांडल्याने काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीचं उदाहरण घ्या. तिने 1984 च्या अहवालात रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज अशा क्षेत्रांतली तूट जिल्हावार मोजली. राज्याचा अनुशेष निघाला सुमारे 3,186 कोटी रुपये. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 24 टक्के. तोवर मागासलेपण ही तक्रार होती, दांडेकरांनी तिचा हिशेब मांडला. पुढे 1994 मध्ये समतोल विकासासाठी विभागवार वैधानिक विकास मंडळं आली. विजय केळकर समितीने 2013 मध्ये समतोल विकासाचा प्रश्न पुन्हा सविस्तर तपासला. मंडळांची मुदत मात्र 30 एप्रिल 2020 ला संपली.

नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांनी एकत्र येऊन निर्यात आणि प्रक्रिया उभी केली. तो अनुभव विलास शिंदेंमुळे सल्लागार परिषदेत आला, हे चांगलंच. पण हळद, सोयाबीन, कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याची गरज वेगळी आहे: साठवण, प्रक्रिया, पाण्याची खात्री आणि वेळेवर कर्ज.

म्हणून यापुढे परिषद नेमताना कोरडवाहू शेतीचा अभ्यासक आणि मराठवाड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रतिनिधी तिच्यात हवाच. कोणता सल्ला सरकारने मानला, कोणता नाकारला आणि का, याचा लेखी हिशेबही दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळात मांडला जावा.