दुपारच्या उन्हातली मजुरी
(सहायक मंडळींच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



उन्हाळ्यात मिशनक्षेत्रावर काम करणाऱ्यांच्या आरोग्याविषयी मी बोलावे, असे समितीने मला सांगितले आहे. आज हवा गार आहे, खिडक्या उघड्या आहेत, त्यामुळे विषय जरा लांबचा वाटेल. पण एप्रिल लागला की आमच्याकडे विचार करायला वेळ राहत नाही. म्हणून आत्ताच बोलते. शेवटी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, तीही सांगेन.

आपले कामकरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पगारपत्रकावरची माणसे येतात: बालवाडीच्या शिक्षिका, आरोग्यसेविका, वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाई, मोटारसायकलवर गावोगावी फिरणारे कार्यकर्ते. माझ्या हिशेबात आणखी दोन गट आहेत. वसतिगृहाच्या नव्या इमारतीवर रोजंदारीने येणारे मिस्त्री आणि रेजा, आणि मे महिन्याच्या सुटीत सेवेसाठी शहरातून येणारी तुमचीच तरुण मुले. ज्यांना आपण उन्हात बोलावतो, ते सगळे आपले कामकरी.

गडचिरोली आणि चंद्रपूरचा मे महिना तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जास्त सांगायला नको. पारा 45च्या पुढे जातो. विहिरीचे पाणी तळाला, पानगळीने जंगल उघडे, आणि दुपारी गावात कुत्रेसुद्धा हलत नाही. तरीही तोच काळ आदिवासी कुटुंबांच्या कमाईचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मग तेंदूपाने.

पण ही माणसे ते काम कसे करतात ते पाहा. मोहाची फुले रात्री-पहाटे गळतात. बाया उजाडता उजाडता टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. तेंदूपानेही सकाळीच तोडायची. दहा-अकरापर्यंत ओझे घरी. मग भर दुपारी घरच्या सावलीत सगळे कुटुंब बसून 70-70 पानांचे पुडे बांधते आणि ऊन कलल्यावर ते फळीवर नेऊन देते. बरोबर पाण्याचा तुंबा असतो, पोटात आंबील असते. हे त्यांना कोणत्याही शिबिरात शिकवलेले नाही. त्यांच्या स्वतःच्या कामाचे घड्याळ सूर्याकडे बघून चालते. म्हणून आमच्या भागात दुपारी बारा वाजता उन्हात घमेले उचलणारी बाई दिसली, तर समजावे की तिला तिथे कोणीतरी मजुरीने उभे केले आहे. रस्त्याचा ठेकेदार असेल, वीटभट्टीचा मालक असेल, किंवा मिशनही असेल.

(पहाटे जंगलात जाणे हेही सोपे नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. 2025च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच वेळी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अंधारात निघावे तर वाघ आणि उशिरा निघावे तर ऊन. आम्ही गावात एवढेच सांगतो की फटफटल्याशिवाय जंगलात शिरू नका, आणि एकट्यादुकट्याने तर मुळीच नको.)

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या आरोग्यसेविकेबरोबर मी एका गावाला निघाले होते. वाटेत रस्त्याचे काम चालू होते. दुपारचा एक वाजला असेल. विशी-बाविशीचा एक मुलगा फावडे टाकून वेड्यावाकड्या चालीने रस्त्यावर आला आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागला. मुकादम हसून म्हणाला, "सकाळीच मारून आला असेल." आणखी दोघे हसले. आपण व्यसनमुक्तीचे काम करतो, त्यामुळे मोहाच्या दारूचा संशय आपल्यालाही चटकन पटतो. आरोग्यसेविकेने मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवला. अंग भट्टीसारखे तापलेले होते आणि शर्ट घामाने भिजलेला होता. तोंडाला दारूचा वास नव्हता. तिने कोणाला विचारले नाही. काँक्रीटसाठी ठेवलेल्या टाकीतले पाणी बादलीने त्याच्या अंगावर ओतायला सुरुवात केली. मग बाकीच्या बायाही धावल्या. 108ची गाडी येईपर्यंत त्या पाणी ओतत होत्या आणि पदराने वारा घालत होत्या. गाडी आली तेव्हा तो आपले नाव सांगत होता. तो वाचला. मुकादमाचे ऐकून त्याला झाडाखाली झोपायला सोडले असते, तर वाचला नसता.

ही ओळख प्रत्येकाला हवी, म्हणून थोडे खोलात जाते. शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. पाणी आणि मीठ कमी पडले की आधी पायात गोळे येतात, मग डोके दुखते, मळमळते, गरगरते. इथे माणसाला सावलीत बसवले, पाणी पाजले, तर तो सावरतो. त्याला काम करू दिले तर शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस बरळतो, भांडतो, तोल जातो, बेशुद्ध पडतो. हा उष्माघात. अंग कोरडे पडते तेव्हाच उष्माघात समजावा, असे पुष्कळ जण मानतात. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तसे अनेकदा होते. पण कष्टाचे काम करणाऱ्याला घाम फुटलेला असतानाही उष्माघात होतो. म्हणून घामाकडे बघू नका, बोलण्याकडे बघा. उन्हात काम करणारा माणूस विचित्र वागू लागला की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच.

मग आधी थंड करायचे आणि नंतर हलवायचे. सावली, कपडे सैल, अंगावर भरपूर पाणी, वारा, आणि मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी द्यायची नाही, या तापावर ती चालत नाही. खिशातल्या कांद्याविषयी मला दरवर्षी विचारतात. कांदा खिशात ठेवायला माझी हरकत नाही, पण माणूस पडल्यावर कांदा शोधत बसू नये.

शुद्धीवर असलेल्या, थकलेल्या माणसाला जीवनजल द्यावे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच साधे मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवले. ताक, पन्हे, आंबीलही चांगली. चहाच्या टपरीवरचे रंगीत सरबत नको.

पाण्याविषयी एक गोष्ट पुरुष मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, असे आम्ही सांगतो. इमारतीवरच्या रेजा मान डोलावतात आणि पीत नाहीत. मी एकीला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, "बाई, पाणी पिऊन जाऊ कुठं?" तिथे आडोसा नव्हता. पुरुष झाडामागे जातात, बाया दिवसभर तहान मारतात. त्यानंतर आम्ही चार बांबू आणि ताडपत्री लावून आडोसा केला, आणि दोन माठ पुरेनासे झाले. राष्ट्रीय रोजगार हमी कायदा 2005 साली झाला, तेव्हाच कामावर पिण्याचे पाणी, विश्रांतीची सावली आणि प्रथमोपचाराची पेटी त्यात लिहिली गेली. आडोसा त्यांना सुचला नसावा.

आता तरुण संघासाठी. तुम्ही येता याचा आम्हांला आनंद आहे. पण पंख्याखाली, एसीत राहिलेले शरीर विदर्भाच्या उन्हाला सरावायला आठवडा ते दोन आठवडे घेते. उन्हात काम करताना जे मरण पावतात, त्यांच्यात कामाच्या पहिल्या काही दिवसांतल्या माणसांचे प्रमाण फार मोठे असते. त्यात अशक्तच असतात असे नाही, धट्टेकट्टेही असतात, कारण ते थांबत नाहीत. म्हणून यंदा शिबिराचा पहिला दिवस फक्त एक-दीड तास काम, मग रोज थोडे थोडे वाढवायचे. कोणी त्याला आळस म्हणू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून यावे, त्यातल्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते.

आणि उघड्यावरच्या सभांविषयी पाळकसाहेबांना एक विनंती. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला बसलेल्या श्रोत्यांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी पारा 45 नव्हता, 38च्या आसपास होता. पण किनाऱ्याची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि तासन् तास बसणे. आपल्या मे महिन्यातल्या सभा संध्याकाळी पाचनंतर घ्याव्यात.

आता मूळ मुद्दा. पाणी, मीठ, आडोसा हे सगळे आम्ही करू. पण दुपारचे काम थांबले नाही तर त्याचा उपयोग थोडा. आखाती देशांत तुमच्यापैकी कित्येकांची मुले आहेत, त्यांना विचारा. कतारमध्ये 2021पासून 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर मजुरी करवून घ्यायला बंदी आहे. तिथे सरकारने ते केले. आपल्या आवारात आपणच सरकार आहोत.

समितीपुढे आमचा प्रस्ताव असा आहे. 1 एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत इमारतीचे काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. गावभेटीही याच वेळात. स्लॅब एका दमात टाकावा लागतो, तो रात्री दिवे लावून टाकू. मिस्त्रींचेही तेच म्हणणे आहे, कारण भर उन्हात काँक्रीट लवकर सुकते आणि तडे जातात. कामाचा एक तास कमी होईल, मजुरी पूर्ण दिवसाची राहील.

मजुरीवर काही सभासदांनी हरकत घेतली आहे: सात तासांचे काम आणि आठ तासांचे पैसे कसे? मी ईश्वरज्ञानाची पदविका घेत असताना मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आमची पुष्कळ चर्चा झाली होती, ती सगळी कृपेविषयी. नंतर क्षेत्रावर गेल्यावर मला त्यातले ऊन दिसू लागले. सकाळपासून राबलेले मजूर उन्हाची तक्रार करतात आणि मालक ती खोटी आहे असे म्हणत नाही. आणि संध्याकाळच्या गारव्यात एकच तास काम केलेल्यालाही तो पूर्ण दिवसाची मजुरी देतो. आपण तर सात तास काम घेणार आहोत.

दुसराही उतारा मनात येतो, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातला. शुनेम गावचा तो मुलगा कापणीच्या शेतात बापाकडे जातो, डोके दुखते म्हणतो. बाप एका चाकराबरोबर त्याला आईकडे पाठवतो. दुपारपर्यंत तो तिच्या मांडीवर असतो आणि मरतो. त्याला ऊन लागले असावे, असे अनेक भाष्यकार म्हणतात. अलीशाने त्याला उठवले म्हणून आपण तो भाग आनंदाने वाचतो. मी अलीकडे वाचते तेव्हा बापापाशी थांबते. तो शेतातच राहिला, कापणी चालू होती.

या बदलाची किंमत आहे, ती लपवणार नाही. मिस्त्रींच्या हिशेबाने पावसाआधी स्लॅब होईल, पण आतले प्लास्टर, फरशी आणि संडास राहतील. म्हणजे जूनअखेर शाळा सुरू होईल तेव्हा मुली जुन्याच इमारतीत राहतील, आणि ती गळते हे तुम्ही जाणता. दिवाळीनंतर त्या नव्या इमारतीत जातील. जूनमध्ये उद्घाटनाला येण्याची ज्यांनी तयारी केली आहे, त्यांना थांबावे लागेल. मुलींना मी हे सांगितले. त्यांच्यापैकी दोघींच्या आया याच बांधकामावर रेजा आहेत. त्या मुलींनी काय उत्तर दिले असेल ते तुम्ही ओळखाल.

तुमच्याकडून मला हवे आहे ते एवढेच, की उद्घाटनाची तारीख आज या सभेने पुढे ढकलावी आणि तसा ठराव समितीकडे पाठवावा. जुन्या छपरावर घालायला ताडपत्री, चार मोठे माठ आणि रात्रीच्या कामासाठी दिवे लागतील. त्याची यादी आणि मजुरीचा हिशेब खजिनदारांकडे आहे, ते आता वाचून दाखवतील.