मुक्कामी विमान

मुंबई-दिल्ली हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक. अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाण दोन तासांचं, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत विमानांची रीघ. तरीही या मार्गावर प्रवाशाच्या वाट्याला बहुतेक वेळा मधे एकच वाट असलेलं, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्यांचं, 180 ते 230 आसनांचं विमान येतं. एअरबस 320 च्या नाहीतर बोइंग 737 च्या कुळातलं. जपानमध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावरून सप्पोरोला जायला याहून कमी वेळ लागतो, पण तिथे बोइंग 777 आणि 787 सारखी दोन वाटांची धिप्पाड विमानं वर्षानुवर्षं धावताहेत. जपान एअरलाइन्सनं तर 1973 मध्ये बोइंगकडून देशांतर्गत मार्गांसाठी खास जंबो बनवून घेतला होता. आसनं जवळपास पाचशे, आणि दिवसातून अनेकदा चढउतार सोसावी म्हणून सांगाडा मुद्दाम बळकट केलेला. आता गर्दीवरून विमान ठरत असेल, तर मुंबई-दिल्लीलाही असंच विमान हवं. अंतरावरून ठरत असेल, तर सप्पोरोला लहान हवं. दोन्ही हिशोब चुकतात, कारण मुळात विमान कुठल्या एका मार्गासाठी निवडलंच जात नाही. ते दिवसभराच्या साखळीसाठी निवडलं जातं, आणि आपला मार्ग ही त्या साखळीतली एक कडी असते.

एसटीची मुक्कामी गाडी आठवा. रात्री गावात पोचलेली गाडी तिथेच थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. पहाटेच्या त्या फेरीला दहा माणसं असोत की साठ, गाडी तीच, कारण रात्री तीच आलेली असते. विमानांचं काही वेगळं नाही. जवळच्या पल्ल्याचं विमान दिवसाला पाच-सहा उड्डाणं सहज करतं. समजा एक विमान सकाळी मुंबईहून गोव्याला जाऊन परत आलं, मग दिल्लीला, तिथून पाटण्याला, पुन्हा दिल्लीला आणि रात्री मुंबईला आलं. गोव्याला 230 आसनं भरली असती आणि पाटण्याला 180 पुरली असती, तरी वाटेत विमान बदलणार कसं? ज्या जातीची जितकी विमानं एखाद्या शहरात उतरतात, त्याच जातीची तितकीच तिथून निघाली पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेतरी प्रवासी आहेत आणि विमान नाही अशी गत होते. त्यात वैमानिकांचं बंधन. एअरबस 320 चालवणारा वैमानिक वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय बोइंग 737 च्या खुर्चीत बसू शकत नाही. सुटे भाग आणि तंत्रज्ञही प्रत्येक जातीला निराळे. इंडिगोनं 2006 मध्ये सुरुवात केल्यावर पहिली अकरा वर्षं एअरबस 320 खेरीज दुसरी जातच ठेवली नाही, ती याच हिशोबानं.

हा गुंता किती मोठा असतो याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीचं आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची देशांतर्गत उड्डाणं रोज अडीच हजारांवर होती, विमानं सुमारे 450 आणि त्यांच्या जाती दहा. कुठल्या उड्डाणाला कुठली जात द्यायची हे ठरवण्यासाठी तिथल्या गणितज्ञांनी 'कोल्डस्टार्ट' नावाची संगणकीय पद्धत उभी केली. त्या समीकरणांत सुमारे 60 हजार चलपदं आणि 40 हजार अटी होत्या. 1994 मध्ये त्यांनी जाहीर केलेला अंदाज असा की तीन वर्षांत तीस कोटी डॉलर वाचतील. नुसतं वाटप बदलून इतका पैसा! त्यांच्या हिशोबात दोन तोटे एकमेकांशी तोलले जातात. विमान मोठं पाठवलं तर रिकाम्या खुर्च्या वाहून न्याव्या लागतात. लहान पाठवलं तर प्रवासी परत पाठवावा लागतो, आणि परत जाणारा बहुधा शेवटच्या क्षणी येणारा, म्हणजेच सर्वांत महाग तिकीट घेणारा असतो. म्हणून थोड्या रिकाम्या खुर्च्या कंपनीला खुपत नाहीत. साखळीचा जोर किती, हे एअर इंडियाच्या पहिल्या एअरबस 350 नंही दाखवलं. 22 जानेवारी 2024 ला त्याचं पहिलं प्रवासी उड्डाण झालं ते बेंगळुरू-मुंबई. हे विमान घेतलं होतं दूरच्या परदेशी मार्गांसाठी, पण वैमानिकांचा आणि कर्मचाऱ्यांचा सराव व्हायला हवा म्हणून आधी देशात फिरलं. त्या दिवशी बसलेल्या प्रवाशाला वाटलं असेल की या मार्गाचं भाग्य उजळलं.

आता पहिला आक्षेप. मोठ्या विमानात माणशी खर्च कमी येतो, मग गर्दीच्या मार्गावर तेच नको का? लांबच्या पल्ल्यावर हे पुष्कळदा खरं आहे. पण बारा-चौदा तासांचं इंधन वाहण्यासाठी बांधलेल्या विमानाचे पंख, चाकं, टाक्या सगळंच जड, आणि दोन तासांच्या उड्डाणात हे वजन फुकट वाहावं लागतं. लहान विमान अर्ध्या तासात उतारू उतरवून, नवे घेऊन पुन्हा निघू शकतं. मोठ्याला तासाहून अधिक वेळ जमिनीवर काढावा लागतो. शिवाय 360 आसनांच्या दोन फेऱ्यांपेक्षा 180 च्या चार फेऱ्या विकायला सोप्या जातात. दिल्लीत दहाची बैठक असलेल्याला सहाचं किंवा सातचं विमान हवं असतं, ते किती रुंद आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. ज्या कंपनीच्या फेऱ्या जास्त, तिच्याकडे फेऱ्यांच्या प्रमाणाहूनही जास्त प्रवासी वळतात, हा या धंद्यातला जुना अनुभव. एअरबस 380 हे जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान 2007 मध्ये सेवेत आलं आणि 2021 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. एकूण 251 विमानं गेली, त्यांतली निम्मी एकट्या एमिरेट्सनं घेतली, कारण तिचा सगळा व्यवहार दुबईच्या एका चौकातून चालतो. इतरांना इतके प्रवासी एकाच वेळी, एकाच दारात कुठून मिळायचे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तासाला पंचेचाळीसच्या आसपास उड्डाणं-उतरणं होतात. जागाच इतकी तोकडी असताना प्रत्येक फेरीत जास्त माणसं न्यावीत, हे साधं शहाणपण नाही का? आहे, आणि जपानचा जंबो याच शहाणपणातून जन्मला. मात्र मुंबईत ते शहाणपण एकट्या कंपनीला परवडत नाही. उतरण्या-निघण्यासाठी मिळालेली ठरावीक वेळ किमान ऐंशी टक्के वापरावी लागते, नाहीतर ती हातची जाते. म्हणून दोन फेऱ्यांची एक केली, तर सुटलेली वेळ प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडते. त्यातून मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे उठतात, मागून येणाऱ्या मध्यम विमानाला पाच सागरी मैल अंतर ठेवावं लागतं, आणि तेवढ्यानं बचत थोडी कापली जाते. थोडीच, पण जाते. प्रत्येक कंपनीचं गणित स्वतःपुरतं बरोबर आणि सगळ्यांचं मिळून धावपट्टी अडलेली, ही स्थिती मला आदर्श वाटत नाही.

काही ठिकाणी हा सगळा खल बाजूला राहतो आणि भूगोल किंवा नियम विमान ठरवतो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच. विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, दुपारी ऊन आणि वारा वाढतो, म्हणून उड्डाणं मुख्यतः सकाळी आणि वजन मोजूनमापून. छोट्या शहरांना जाणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानाची गोष्ट नियमांची. इंडिगोच्या एटीआरमध्ये आसनं 78. हा आकडा प्रवासी मोजून आलेला नाही. देशांतर्गत नियमित सेवेत 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याच्या शुल्कात सवलत मिळते, चाळीस टनांखालच्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर कमी लागतो, आणि दर 50 आसनांमागे एक केबिन कर्मचारी लागत असल्यानं दोघांत भागतं. जळगाव, कोल्हापूरच्या लोकांना पंख्याचं विमान म्हणजे दुय्यम वागणूक वाटते, पण सत्तर प्रवाशांच्या गावी 180 आसनांचं जेट आलं असतं, तर ते एक दिवसाआड आलं असतं. तीन-चारशे किलोमीटरमध्ये जेट फार तर वीस मिनिटं वाचवतं.

जपानमध्ये पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये हानेदाला चौथी धावपट्टी मिळाली. फेऱ्यांना जागा झाली, इंधनाचे भाव चढे होतेच, आणि 2011 मध्ये जपान एअरलाइन्सनं, 2014 मध्ये ऑल निप्पॉन या दुसऱ्या कंपनीनं आपला शेवटचा प्रवासी जंबो निवृत्त केला. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून प्रवाशांसाठी खुला झाला आहे. जागेची ओढाताण सैल झाली की मोठ्या विमानाची उरलीसुरली गरजही ओसरते, तेव्हा मुंबई-दिल्लीला विमानं मोठी होतील अशी आशा मी तरी धरणार नाही. तिथे एखादं दोन वाटांचं विमान दिसलंच, तर ते बहुधा त्या रात्री दिल्लीहून लंडनला निघायचं असेल.