शिलंगणाची वेस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. त्या वसंताच्या दिवसांत मी शरदाविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. पण सण अंगणात आला म्हणजे त्याचा विचार करायला सवड कोणाला असते? तेव्हा आपण फराळाच्या घाईत असतो. विचार करायचा तो असा आधीच, पंख्याखाली बसून केलेला बरा.

आपल्या मलकापुरात शरद येतो तो हस्त नक्षत्राचे बोट धरून. मुली पाटावर हत्ती काढून हादग्याचा फेर धरतात आणि खिरापत ओळखण्यासाठी डोके खाजवतात. मग घट बसतात. वावरातली माती पत्रावळीवर पसरून तीत धान्य पेरायचे, हा विधी देवीचा खरा. पण नऊ दिवसांत कोणते बी तरारून आले आणि कोणते रुसले, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाच्या नजरेतून सुटत नाही. शाळूची पेरणीही याच दिवसांतली. खंडेनवमीला नांगर, विळा, हातोडी यांची पूजा होते. दसऱ्याला आपट्याचे सोने लुटतो, कोजागरीला दूध आटवतो, आणि दिवाळीत पोरे अंगणात मातीचे किल्ले उभारतात. बी, अवजार, धान्य आणि दूध यांची म्हणजे कष्टाच्या साऱ्या साधनांची या दोन महिन्यांत पूजा होते. मग कष्ट करणाराचे काय?

याच सुमारास आणखी एक घटना घडते. तिची नोंद पंचांगात नसते. बीड, धाराशिव, अहिल्यानगर या बाजूंनी उसाचे तोडकरी निघतात आणि कृष्णा, सह्याद्री यांसारख्या कारखान्यांच्या शिवारांत येऊन उतरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. नवराबायकोच्या जोडीला या धंद्यात नावच 'कोयता' असे आहे. दोन जिवंत माणसे, आणि हिशेबाच्या वहीत एक हत्यार!

या ठिकाणी मला इंग्लंडातील बाजारगावांची आठवण होते. तेथे २९ सप्टेंबरला मायकेलमस हा सण येतो. पूर्वी त्याच्या आगेमागे गावोगाव चाकरीचा बाजार भरे. मेंढपाळ टोपीत लोकरीचा झुबका खोवून उभा राही, मोलकरीण हाती कुंचा घेई. त्या कुंच्यावरूनच जत्रेला 'मॉप फेअर' म्हणत. करार ठरला की धनी हातावर एक नाणे ठेवी आणि माणूस वर्षभर बांधला जाई. पुढे ती पद्धत मोडली. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला ही जत्रा ऑक्टोबरात अजून भरते. तेथे आता पाळणे फिरतात, मिठाई खपते, पण माणसाचा बाजार मात्र उरलेला नाही. त्यांच्याकडे करार गेला आणि करमणूक राहिली. आपल्याकडे दोन्ही आहेत. फक्त करमणूक गावात आहे, करार शिवारात आहे, आणि मध्ये वेस आहे.

एका पाडव्याला आमच्या घरून उरलेला फराळ घेऊन मी शिवारातल्या कोपींवर गेलो. 'उरलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दिवाळीला गाळप थांबत नाही, म्हणून माणसे पहाटेच फडात गेली होती. एक म्हातारी तेवढी तान्ह्या नातवाला सांभाळत बसली होती. तिने डबा घेतला, रिकामा केला आणि मला थांबवले. आत जाऊन गावाहून बांधून आणलेल्या बाजरीच्या दोन भाकरी तिने त्या डब्यात घातल्या आणि म्हणाली, "सणाचा डबा रिकामा धाडू नये, दादा." बंधुभगिनींनो, मी दान करायला गेलो होतो, तिने मला पाहुणा करून परत पाठवले. त्या भाकरीपुढे माझी करंजी मला फार हलकी वाटली.

दसऱ्याचा मुख्य विधी सीमोल्लंघन. आपल्या बोलीत शिलंगण. पूर्वी लोक वेस ओलांडून शमी-आपट्याला जात. आज मलकापूरची वेस दाखवा म्हटले तर कोण दाखवील? हमरस्त्याच्या दोहो अंगांना वस्ती वाढली, ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, आणि कराड कोठे संपते ते नवख्याला उमगेनासे झाले. दगडामातीची वेस पुसली गेली. मनातली तेवढी उभी आहे. तिच्या आत रोषणाई आहे, आणि बाहेर पाचटाच्या कोपीत चिमणी मिणमिणते आहे.

मी दयेची वर्गणी मागत नाही. येत्या दिवाळीत पहिला फराळ, उरलेला नव्हे, कोपीवर न्यावा. तेथली पोरे आपल्या पोरांबरोबर किल्ला बांधायला बोलवावीत, आणि ती जवळच्या शाळेत बसतात की नाही याची चौकशी करावी. उसाची उचल आणि मजुरी यांचा हिशेब मांडला जातो तेथे आपल्यापैकी जे सभासद म्हणून बसतात, त्यांनी तोंड उघडावे. आपट्याचे पान आपण एकमेकांना देतो आणि त्याला सोने म्हणतो. ज्याच्या कोयत्याने आपल्या घरात खरे सोने आले, त्याच्या हातावर ते पान एकदा ठेवून पाहू. मग शिलंगण झाले असे खुशाल म्हणावे.