घोडीची चाल



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. घोड्यांविषयी आम्ही काय सांगणार, असे आपणांस वाटेल. पण बोईसरला एक कारखाना बंद पडला, तेव्हा आमच्या एका कामगाराने हाती आलेल्या पैशांतून वरातीसाठी घोडी घेतली. घोडी तापट; बँड वाजला की उधळे. एकदा नवरदेवच खाली आला! तो तिला विकायला निघाला होता.

एका म्हाताऱ्या चाबूकस्वाराने तिला तीन महिने लांब दोरीवर गोल फिरवले. जितके डावीकडे, तितकेच उजवीकडे. कदमात चार टापा वेगवेगळ्या वाजतात. दुडकीत कोनाकोनी पाय जोडीने पडतात, म्हणून दोनच. हा ताल जमेपर्यंत दौड नाही. लगाम ओढून धरला की घोडी उलट ओढते. तिने मान सैल सोडली की त्याच क्षणी आपला हातही सैल व्हावा. उशीर झाला की तिला काही उमगत नाही. (वाटाघाटींना बसणाऱ्या मालकांना हे कोणी शिकवील काय?)

याच विद्येला परदेशांत ड्रेसाज म्हणतात. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तिच्यात भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवले. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता.

आमची घोडी यंदा पालघरच्या एका वरातीत बँडमागून चालली. ताशा कडाडला तेव्हा तिने कान टवकारले; पाय मात्र कदमातच राहिले.