खंड आणि बटाई

शेतीशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या माणसाला खंड आणि बटाई हे शब्द एकाच अर्थाचे वाटतात. गावाकडील जमीन दुसऱ्याने कसावी आणि मालकाला घरबसल्या काही मिळावे, एवढाच दोहोंचा आशय, अशी शहरातील पुष्कळ सुशिक्षित घरांची समजूत असते. परंतु ज्याच्या हाती नांगर आहे, त्याला या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसते. आणि त्याला कारणही तसेच सबळ आहे.

खंड म्हणजे ठरलेली रक्कम किंवा ठरलेले धान्य. पीक किती येईल हे कोणासच ठाऊक नसते, तरी पेरणीपूर्वीच आकडा निश्चित होतो. बटाई म्हणजे वाटणी. तिच्यात आकडा ठरत नाही, ठरते ते केवळ प्रमाण: निम्मे किंवा तिसरा हिस्सा. खळ्यावर रास पडून मापे झाली, म्हणजे मग कोणाच्या पदरात काय आले ते कळते. कोकणात खोतीच्या काळी निम्म्या हिश्शास अर्धेल व तिसऱ्या हिश्शास तिर्धेल म्हणत. देशावर असे शेत करणाऱ्याला वाटेकरी म्हणतात. नावे निराळी, रीत एकच.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. एका शेतात सुकाळाच्या साली बारा क्विंटल ज्वारी होते आणि अवर्षणाच्या साली चारच, असे समजावे. खंड चार क्विंटलांचा असेल, तर कसणाऱ्याला पहिल्या साली आठ क्विंटल उरतात. दुसऱ्या साली खळे झाडून सारे मालकाच्या घरी जाते. निम्म्या बटाईत त्याच माणसाला पहिल्या साली सहा आणि दुसऱ्या साली दोन क्विंटल मिळतात. दोन सालांची बेरीज दोन्ही रीतींत आठच! मालकाचीही आठच. मग फरक कोठे पडला? तो पडला दुष्काळाच्या सालात. खंडात अवर्षणाचे सारे ओझे कसणाऱ्याच्या एकट्याच्या माथी असते. बटाईत मालक त्याला खांदा देतो. चुलीला बेरीज समजत नाही. तिला यंदाचे धान्य यंदाच लागते.

याचा अर्थ बटाई सर्वथा चांगली, असा मात्र नव्हे. कसणाऱ्याने पदरचे खत घातले, एक पाळी अधिक दिली आणि पीक वाढले, तर त्या वाढीचाही निम्मा हिस्सा मालकाकडे जातो. खंडात ती वाढ सर्वस्वी कष्टकऱ्याची. वाट्याच्या शेतीतील हे वैगुण्य अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात दाखविले होते. म्हणूनच बटाईत बी-बियाणे व खत कोणी घालावयाचे, हे जाणते लोक आधी ठरवून घेतात.

शब्दाचे हे महत्त्व कायद्यानेही मानले आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्यास कूळ मानले. त्यातून मालकाच्या पगारी नोकराला मात्र वगळले. नोकराची मजुरी रोख असो वा धान्यात, तो कूळ नव्हे. परंतु जो पिकाच्या हिश्शावर राबतो, त्याला या नोकरांत गणू नये, असे त्यात स्पष्ट आहे. मजुरीचे धान्य आणि वाट्याचे धान्य पोत्यात सारखेच दिसते. पण पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, त्या भेदावर कित्येकांचा जमीन विकत घेण्याचा हक्क अवलंबून होता.

त्या कायद्याच्या धास्तीने पुढे पुष्कळ व्यवहार तोंडी होऊ लागले. त्याचा परिणाम असा, की सातबारावर नाव मालकाचे आणि घाम दुसऱ्याचा. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचे साहाय्यही जमीन ज्याच्या नावावर, त्यालाच मिळते. खंडकऱ्याला नाही आणि बटाईदारालाही नाही.

ज्या शहरी घरांची जमीन गावी दुसरा कोणी कसतो, त्यांनी आपला व्यवहार यांपैकी कोणत्या शब्दाचा आहे, हे एकदा अवश्य पाहावे. तो खंडाचा असेल, तर पाऊस दगा देईल त्या साली ठरलेला आकडा मागण्यापूर्वी खळ्यावर काय पडले आहे, याची चौकशी करावी. करारात ती अट नसेल; माणुसकीत आहे.