मांजर हाती का येत नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठ्या विषयाला हात घालत नाही. आपल्या भांडगावात ज्या घरी धान्याची कोठी आणि गोठा आहे, त्या घरी बहुधा मांजर असतेच. उंदरांसाठी आपण ते ठेवतो, भाकरतुकडा घालतो. पण उचलायला गेले की ते बोचकारते आणि निसटून जाते. मग आपण म्हणतो, “जातच बेइमान!” आज मला त्या मुक्या जिवाची बाजू मांडायची आहे. त्यात आपल्या लेकरांचेही हित आहे.

मांजर उंदराचा काळ खरे, पण कुत्र्यापुढे तेच भक्ष्य होते. पाय जमिनीवरून सुटले की आपल्याला कोणी धरले, एवढेच त्याला कळते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील आयलीन कार्श या बाईंनी यावर पुष्कळ प्रयोग केले. पिलू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असताना माणसाने रोज हाताळले, तर ते मोठेपणी माणसाळलेले राहते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे मांजरी कडब्याच्या गंजीत विते, आणि पिले बाहेर येईपर्यंत तो काळ निघून गेलेला असतो. मग त्यांना दोष कसा द्यावा?

आमची मनी अशीच गंजीतली. आली तेव्हा तीन महिन्यांची होती. कोणी हात पुढे केला की कोठीखाली शिरायची. तिला हाती आणायला मला दोन महिने लागले. कसे केले ते सांगते.

पहिले काही दिवस तिला धरायचेच नाही. जेवणाच्या आधी, तिला भूक असताना, जवळपास खाली बसायचे. उभ्या माणसाची तिला धास्ती वाटते. एक बोट तिच्या नाकासमोर धरायचे. तिने आपणहून गाल घासला की गाल आणि कपाळ खाजवायचे. पोटाला हात लावायचा नाही. मग धुतलेल्या सुकटीचे दोन कण द्यायचे. ज्यांच्या घरी सुकट चालत नाही त्यांनी बोटावर दह्याचा थेंब द्यावा.

पुढे एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली घालायचा. उचलायचे नाही, नुसता आधार द्यायचा आणि खाऊ द्यायचा. ते अंगवळणी पडले की चार बोटे वर उचलायचे आणि लगेच खाली ठेवायचे. ती सुटायला धडपडू लागण्याआधीच सोडायचे, यातच सगळी मेख आहे. धडपडल्यावर सोडले तर धडपडले की सुटका होते, एवढेच ती शिकते. हळूहळू वेळ वाढवायचा आणि तिला अंगाशी घ्यायचे. खाली ठेवताना पाय जमिनीला टेकेपर्यंत हात काढायचा नाही.

शेपटी आपटू लागली, कान मागे पडले, पाठीची कातडी थरथरली, की त्या दिवसापुरते पुरे. कुत्रा आनंदाने शेपूट हलवतो, मांजर वैतागून आपटते. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

कीर्तनात मार्जारकिशोरन्याय ऐकतो आपण. मांजरी पिलाला मानगुटीला धरून नेते आणि पिलू निश्चिंत असते. ते पिलापुरते ठीक. तीन-चार किलोच्या मांजराला मानगुटीला धरून लोंबकळत ठेवले तर त्याला दुखते, आणि भीती मनात बसते ती वेगळीच.

तुम्ही म्हणाल, मांजराला एवढे शिकवायचे कशाला? ऐका. मनी हाती येऊ लागली म्हणून तिला झाकणाच्या टोपलीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेता आले, पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घेता आली. पुढे पावसाळ्यात एका भटक्या कुत्र्याने तिचा मागचा पाय फोडला. दुखावलेले मांजर चावते, म्हणून मी पंचा टाकून तिला उचलले. डॉक्टरांनी जखम धुतली, लस पुन्हा टोचली आणि दीड महिना नजरेखाली ठेवायला सांगितले. घरात जाऊबाईंची दोन वर्षांची मुलगी खेळते. लस झालेली नसती तर आम्हाला रात्रभर झोप लागली नसती.

आणि मांजर चावले किंवा बोचकारले तर मिरची, चुना, हळद काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे भय आता धरू नका. ती जुनी लस बनवणे आपल्या देशात २००४ साली बंद झाले. आता दंडात थोडीच इंजेक्शने देतात, पण ठरल्या दिवशी सगळी घ्यावी लागतात. हा रोग एकदा उमटला की त्यातून माणूस सहसा वाचत नाही, म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करू नये.

आणखी एक. रोज हाती येणारे मांजर अचानक नको म्हणू लागले तर ते रुसले असे समजू नका. कुठे तरी दुखत असेल किंवा पोटात पिले असतील. आणि काही मांजरे कितीही माया केली तरी मांडीवर येत नाहीत. त्यांना टोपलीत खाऊ ठेवून आपणहून आत बसायची सवय लावावी. दवाखान्यापुरते तेवढे पुरते.

मैत्रिणींनो, सुनेला, लेकराला, वासराला आपण सवडीने घराची सवय लावतो. ओढून आणलेले कोण रमते? यंदा ज्यांच्या घरी पिले होतील त्यांनी ती रोज थोडा वेळ हातात घ्यावीत, आणि तीन महिन्यांची झाली की लस टोचून आणावी, एवढीच माझी विनंती आहे.